थांबा क्रमांक एकोणीस

दुकानात उभी राहून मी बाटल्या फिरवून बघते.
श्रूजबरीच्या त्या दुकानात आता ओळखतात मला;
त्यांना वाटतं, ही बाई तारीख वाचते.
तारीख नाही. तळाशी एक लंबगोल मोहोर असते,
मुगाच्या दाण्याएवढी, तिच्यात कारखान्याचा क्रमांक.
निळ्या झाकणाची, हिरव्या झाकणाची,
गवतात हसणारी गाय छापलेली,
कुणा आजोबांची सही असलेली, महागातली,
आठ नावं, आठ भाव,
मोहोर एकच.
मला आश्चर्य वाटायचं कारण नाही. मोहोर आमचीच आहे.

मिरजेत आमचा गवळी पाणी घालायचा.
किती घालायचा, हे सगळ्या आळीला पाठ होतं,
आई त्याला तोंडावर सांगायची.
इथलं दूध चोख आहे, तक्रारीला जागा नाही
आणि तक्रार करायची झाली तर तोंडही नाही.

तिसऱ्या मजल्यावर बसून मी टँकरचे रस्ते आखते.
रस्ता सात: ऑस्वेस्ट्री सोडलं की डावीकडे,
मग वेल्सच्या हद्दीकडे चढणारा एक बोळ.
दोन गाड्या समोरासमोर आल्या तर
जिला लाज वाटेल तिने मागे जायचं.
बोळाच्या टोकाला ईनिड प्रॉदरो, बावन्न गाई,
थांबा क्रमांक एकोणीस.

एकदाच गेले होते, पर्यावरणाचा तक्ता भरायला.
शेणाची टाकी झाकलेली आहे का? आहे.
झाडं किती?
"मोजली नाहीत," ती म्हणाली, "माझ्या आधीपासून आहेत."
रकान्यात आकडाच लागतो. मी चाळीस लिहिलं.

मॉर्विद नावाची गाय आदल्या रात्री व्यालेली.
बादलीत पिवळंधमक, दाट.
"वासराचं पिऊन झालंय. हे तुमचा टँकर घेत नाही."
माझ्या तोंडून मराठीतच निघालं, चीक!
तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला
आणि मुरंब्याच्या दोन बरण्या भरून दिल्या.
तिची आई म्हणे जायफळ घालून भट्टीत ठेवायची.
मी गूळ, वेलची, कुकर, शिट्टी काढून.
थरथरला, पण मोडला नाही.
चार वड्या स्टीलच्या डब्यातून पाठवल्या
लेशेकबरोबर, रस्ता सात त्याचाच.
डबा परत आला, घासलेला,
आत सहा अंडी.
म्हणजे रिकामा डबा परत देऊ नये
हे तिकडेही कुणीतरी शिकवतं.

मार्चमध्ये उद्दिष्ट आलं: लिटरमागे डिझेल घटवा.
पडद्यावर एकोणीसचा ठिपका लाल.
मी तो बोटाने ओढून बाजूला ठेवला, सहज, बघू तरी म्हणून.
रेष हिरवी झाली. अकरा मैल वाचले.
ती रेष वार्षिक अहवालात गेली, पान नऊ,
शेजारी दवाचं पान, फार सुंदर छापलंय.

पत्रावर सही माझी नव्हती. मुदत बारा महिन्यांची होती.
तिने दुसऱ्या कंपनीला फोन केला,
ती गेल्याच वर्षी आमची झाली होती.
तिसरी हद्दीपलीकडचं घेत नाही.
चौथी नाही.

बावन्न गाई चेशरला गेल्या,
एकवीसशे गाईंच्या एका छपराखाली,
जिथे गवत गाईंकडे येतं, गाई गवताकडे जात नाहीत,
आणि शेणाच्या तळ्यावर बगळेही उतरत नाहीत.
तिथे आमचा टँकर एकाच थांब्यात भरतो.
गाई नेणाऱ्या ट्रकांचं डिझेल
मी तीन दिवस शोधलं,
कुठल्याच रकान्यात बसेना.

मॉर्विदचं दूध आताही आमच्याकडेच येतं.
आठांपैकी कुठल्या बाटलीत, देव जाणे.

आणि माझा डबा ईनिडकडेच राहिलाय.
शेवटच्या फेरीला लेशेकने विचारलं होतं.
"आत्ता नको," ती म्हणाली म्हणे,
"त्यात घालायला घरात काही नाही."